इकॉलॉजीचं पहिलं सत्र: वर्ग आणि फील्ड दोन्ही सांभाळताना

झाडं-पक्षी बघायचे आणि त्यावर चार पानं लिहायची, अशा समजुतीने बरेच जण विद्यापीठात इकॉलॉजीचा पेपर घेतात. काही आठवड्यांतच फळ्यावर लोकसंख्यावाढीची, म्हणजे एखाद्या प्रजातीच्या जीवांची संख्या कशी वाढते याची, समीकरणं उतरतात. त्यानंतर गुडघ्यावर बसून गवताची पाती मोजायची वेळ येते, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय हेच कळेनासं होतं. तो संबंध समजावून सांगणं हे कुणाचंच काम नसतं. लेक्चर घेणारे एक, फील्डला नेणारे दुसरे आणि रिपोर्ट तपासणारे तिसरेच, असा प्रकार सर्रास चालतो.

मी या सगळ्यातून गेले आहे. नव्याने येणाऱ्यांना एकच सांगणं आहे: वर्गात ऐकलेलं प्रत्येक विधान कुणीतरी कुठेतरी बसून मोजलंय म्हणून उभं आहे. लेक्चरमध्ये 'हे कसं मोजलं?' आणि फील्डवर 'हे मोजून कुठला प्रश्न सुटणार?' एवढे दोन प्रश्न सतत विचारत राहा. खालचे टप्पे त्याच हिशोबाने लावले आहेत.

## १. पहिल्याच आठवड्यात वेळापत्रक उघडून बसा

फील्डच्या तारखा, रिपोर्ट देण्याच्या तारखा आणि गुणांची विभागणी एका कागदावर उतरवून घ्या. फील्डची हजेरी अनेक ठिकाणी सक्तीची असते आणि चुकलेला दिवस भरून काढता येत नाही, कारण ऋतू आणि भरती-ओहोटी कुणासाठी थांबत नाहीत. दुसऱ्या विषयाची परीक्षा त्याच दिवशी येत असेल तर आत्ताच कळवा. आदल्या संध्याकाळी पाठवलेल्या ईमेलचा फारसा उपयोग होत नाही.

## २. लेक्चरमध्ये व्याख्यांपेक्षा प्रयोगांकडे लक्ष द्या

व्याख्या पुस्तकात मिळतात. वहीत उतरवायची ती गोष्ट वेगळी: कुठली कल्पना कुठल्या निरीक्षणावर किंवा प्रयोगावर उभी आहे.

स्पर्धेचं उदाहरण घ्या. स्कॉटलंडच्या खडकाळ किनाऱ्यावर बार्नेकलच्या (खडकाला चिकटून राहणाऱ्या, कवच असलेल्या छोट्या समुद्री प्राण्यांच्या) दोन प्रजाती राहतात. थॅमॅलस वरच्या पट्ट्यात, बॅलॅनस खालच्या पट्ट्यात. दोघांना आपापली जागा आवडते, असं म्हणून विषय संपवता आला असता. जोसेफ कॉनेल यांनी खालच्या पट्ट्यातल्या काही जागांवरून बॅलॅनस काढून टाकले आणि थॅमॅलसचं काय होतं ते पाहिलं. थॅमॅलस खालीही तगले. म्हणजे खालची जागा त्यांना मानवत नव्हती असं नाही, तिथे बॅलॅनस त्यांना चिरडत, झाकून टाकत आणि उपटून काढत होते. बॅलॅनस मात्र वरच्या पट्ट्यात कोरडेपणा आणि उष्णता सोसत नाहीत. हा अभ्यास १९६१ साली प्रसिद्ध झाला आणि आजही पहिल्या सत्रात शिकवतात, कारण यात नुसतं पाहणं नाही. काहीतरी बदलून पाहणं आहे, आणि शेजारी न बदललेली जागा तुलनेसाठी ठेवलेली आहे.

दुसरं उदाहरण थोडं अवघड आहे, पण माझ्या मते जास्त महत्त्वाचं. भक्षक आणि भक्ष्य यांची चक्रं लोटका (१९२५) आणि व्होल्टेरा (१९२६) यांच्या समीकरणांतून सुंदर बाहेर पडतात. त्याला जोडून उत्तर अमेरिकेतल्या लिंक्स (एक रानमांजर) आणि ते ज्यांची शिकार करतात त्या स्नोशू सशांचा साधारण १० वर्षांच्या चक्राचा ग्राफ दाखवला जातो. विद्यार्थी मान डोलावतात: लिंक्स वाढले, ससे घटले, मग लिंक्स घटले. पण कॅनडातल्या युकॉनमध्ये चार्ल्स क्रेब्ज आणि सहकाऱ्यांनी १ चौरस किलोमीटरच्या भूखंडांवर हे प्रत्यक्ष तपासलं. काही भूखंडांत सशांना जादा अन्न दिलं, एकात कुंपण घालून सस्तन भक्षक बाहेर ठेवले आणि एकात दोन्ही केलं. १९९५ साली निष्कर्ष आले. भक्षक रोखल्यावर सशांची घनता सुमारे दुप्पट झाली, अन्न दिल्यावर तिप्पट आणि दोन्ही एकत्र केल्यावर ११ पट. यात भक्षक आणि अन्न दोन्ही गुंतलेले आहेत. समीकरण खोटं ठरत नाही, पण त्यात अन्नाला जागाच नव्हती.

म्हणून प्रत्येक कल्पनेसाठी वहीत चार ओळी ठेवा: कल्पना काय, तिची गृहीतकं कोणती, कुठल्या जीवांवर कसं तपासलं आणि ती कुठे लागू पडत नाही. चौथी ओळ बहुतेक जण लिहीत नाहीत.

नेहमीचा एक सापळा: 'एका पोषणपातळीवरून पुढच्या पातळीवर (वनस्पतींकडून त्या खाणाऱ्यांकडे, तिथून त्यांना खाणाऱ्यांकडे) १० टक्के ऊर्जा जाते' हा नियम नाही, ढोबळ सरासरी आहे. प्रत्यक्ष आकडे परिसंस्थेनुसार बरेच खाली-वर होतात. आणखी एक: समुद्रात जैवभाराचा (प्रत्येक पातळीवरच्या जीवांच्या एकूण वजनाचा) पिरॅमिड उलटा दिसू शकतो, कारण वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणारे, प्रकाशावर अन्न बनवणारे सूक्ष्म जीव) झपाट्याने वाढतात आणि तितक्याच झपाट्याने खाल्ले जातात. ऊर्जेचा पिरॅमिड मात्र उलटा होत नाही. परीक्षेत हा फरक हमखास विचारतात.

## ३. गणिताला टाळू नका, पण घाबरूही नका

पहिल्या सत्रात लागणारं गणित मर्यादित असतं: घातांकी वाढ (अडथळ्याविना होणारी), लॉजिस्टिक वाढ (मर्यादेजवळ येताना मंदावणारी), सरासरी, प्रमाण विचलन आणि एक-दोन सांख्यिकी चाचण्या. लॉजिस्टिक वाढीचं सूत्र पाठ करण्यापेक्षा स्प्रेडशीटमध्ये स्वतः चालवून पाहा. सुरुवातीची संख्या १०, धारणक्षमता (ती जागा जास्तीत जास्त किती जीव पोसू शकते) ५००, वाढीचा दर ०.३ असे आकडे घाला आणि ग्राफ काढा. लोकसंख्येत सर्वाधिक भर धारणक्षमतेच्या निम्म्यावर, म्हणजे २५० च्या आसपास पडते हे डोळ्यांना दिसतं आणि मग विसरायला होत नाही. दर जीवामागची वाढ मात्र सुरुवातीलाच सर्वांत जास्त असते. या दोन 'वाढींची' गल्लत म्हणजे पहिल्या सत्रातली सगळ्यात सामान्य चूक.

## ४. कागदपत्रं आणि सामान

फील्डच्या आधी विभागाकडून सहसा हे मागितलं जातं:

- वैद्यकीय माहितीचा फॉर्म. ॲलर्जी, दमा, चालू औषधं यातलं काहीही लपवू नका. तो फॉर्म तुमच्यावर शेरा मारण्यासाठी नसतो.
- आपत्कालीन संपर्काचा तपशील
- जोखमीची यादी वाचल्याची सही (आणि सही करण्याआधी खरंच वाचा)
- संरक्षित जागा किंवा खासगी जमीन असेल तर परवानगीच्या पत्राची प्रत. ती गटातल्या एकाकडे तरी छापील हवी.

सामानात महागडं काही लागत नाही. कडक पुठ्ठ्याची नोंदवही, क्लिपबोर्ड, दोन-तीन पेन्सिली, १० पट मोठं दाखवणारं हँडलेन्स, लहान पट्टी, मोजपट्टी, झिप लागणाऱ्या पिशव्या, लेबलं, भरपूर पाणी, टोपी, रेनकोट, पूर्ण लांबीची पँट आणि आधी वापरून सैल झालेले बूट. क्वाड्रॅट (जमिनीवर ठेवून आतलं मोजायच्या ठराविक मापाच्या चौकटी), लांब टेप, कंपास, मातीचं थर्मामीटर वगैरे विभाग देतो.

पेन्सिलच का? शाई पावसात पसरते, ग्रॅफाइट पसरत नाही. यावर कुणी वाद घालत असेल तर त्याला एकदा भिजू द्या.

## ५. सॅम्पलिंग: खरं काम इथे आहे

फील्डवर पोचल्यावर 'काय मोजू या?' असं विचारणारा गट दुपारपर्यंत तसाच उभा राहतो. प्रश्न आदल्या दिवशी एका वाक्यात लिहून न्या. समजा प्रश्न असा आहे: पायवाटेच्या जवळ तुडवलं गेल्यामुळे वनस्पतींच्या प्रजाती कमी होतात का? आता हाच प्रश्न घेऊन पुढे चलू.

कुठे मोजायचं. वाटेला काटकोनात टेप टाका आणि वाटेपासून ०, १, २, ४ आणि ८ मीटरवर क्वाड्रॅट ठेवा. याला ट्रान्सेक्ट म्हणतात. वाटेवर ट्रान्सेक्टची जागा निवडताना 'इथे छान दिसतंय' हा निकष चालत नाही. वाटेच्या कडेने लांब टेप टाकून रँडम आकडे घ्या आणि त्या-त्या मीटरवर ट्रान्सेक्ट सुरू करा. डोळे मिटून क्वाड्रॅट खांद्यावरून मागे फेकण्याची जुनी पद्धत रँडम नाही. माणूस नकळत मोकळ्या जागेकडेच फेकतो, आणि मागे उभ्या असलेल्या मित्राच्या डोक्याचाही प्रश्न असतोच.

किती मोजायचं. इथे जवळजवळ सगळे गट अडकतात. एकाच वाटेवर एकाच जागी २० क्वाड्रॅट घेतले तर तुमच्याकडे २० स्वतंत्र पुरावे नसतात. एका जागेबद्दलची बारीक माहिती असते. 'पायवाटा' याबद्दल बोलायचं तर वेगवेगळ्या वाटा, निदान एकमेकींपासून लांब असलेले ट्रान्सेक्ट हवेत. या चुकीला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली त्यावर लिहिलं तेव्हा छापून आलेल्या कितीतरी प्रयोगांत ती सापडली होती. म्हणजे व्यावसायिक संशोधकही यातून सुटले नव्हते. तुम्हाला एकाच वाटेवर काम करायची परवानगी असेल तर तेच करा, पण निष्कर्ष त्या वाटेपुरता लिहा.

पुरेसे क्वाड्रॅट झाले का हे पाहायची सोपी युक्ती आहे. प्रत्येक नव्या क्वाड्रॅटनंतर एकूण किती प्रजाती झाल्या याचा ग्राफ जागेवरच काढत जा. रेषा चढती असेल तर काम बाकी आहे. सपाट व्हायला लागली की थांबता येईल.

कसं मोजायचं. मोजण्याआधी गटाने नियम ठरवावेत आणि ते लिहून ठेवावेत. चौकटीच्या कडेवर आलेलं रोप मोजायचं का? नेहमीचा तोडगा: दोन लगतच्या बाजूंवरची मोजायची, उरलेल्या दोन बाजूंवरची सोडायची. गवताचं 'एक झाड' म्हणजे नेमकं काय हे सांगता येत नसेल तर संख्या न मोजता आच्छादनाची टक्केवारी घ्या. वनस्पती एकमेकींवर पसरतात, त्यामुळे आच्छादनाची बेरीज १०० च्या वर जाऊ शकते. ती ओढूनताणून १०० वर आणू नका.

टक्केवारीचा अंदाज माणसागणिक बदलतो. सुरुवातीला सगळ्यांनी एकाच चौकटीचा अंदाज स्वतंत्रपणे लिहावा आणि मग ताडून पाहावा. ३० आणि ६० असे आकडे निघाले तर आश्चर्य वाटून घेऊ नका, बोलून अंदाज जुळवा. आणि काही झालं तरी एकाने वाटेजवळचे सगळे आणि दुसऱ्याने लांबचे सगळे क्वाड्रॅट करू नयेत. मग दिसलेला फरक वाटेमुळे आहे की त्या दोघांच्या नजरेमुळे, हे कुणालाच सांगता येणार नाही.

आणखी काय मोजायचं. वाटेच्या कडेला फक्त तुडवणं नसतं. झाडोरा छाटलेला असतो म्हणून ऊन जास्त पोचतं, माती दबलेली असते, पाणी वेगळं वाहतं. प्रकाश आणि मातीचा घट्टपणा प्रत्येक क्वाड्रॅटपाशी नोंदवला तर चर्चेत लिहायला काहीतरी उरतं. नाहीतर 'तुडवण्यामुळे' हा शब्द तुम्हाला वापरताच येणार नाही.

प्राणी मोजायचे असतील तर पकडून-खूण करून-सोडून पुन्हा पकडण्याची पद्धत शिकवतील. पहिल्या वेळी ४० गोगलगायींवर खूण केली, दुसऱ्या वेळी ५० पकडल्या, त्यात १० खुणेच्या निघाल्या, तर अंदाज ४० गुणिले ५० भागिले १०, म्हणजे २००. हिशोब शाळकरी आहे, अवघड आहेत ती गृहीतकं: मधल्या काळात जन्म, मृत्यू, येणं-जाणं नाही, खूण पुसली जात नाही आणि खुणेची गोगलगाय इतरांइतकीच सहज सापडते. खुणेचा रंग चकचकीत असेल तर ती तुम्हालाही लवकर दिसते आणि पक्ष्यालाही.

## ६. नोंदवही अशी लिहा की अनोळखी माणसाला कळेल

पानाच्या वर तारीख, वेळ, ठिकाण, जीपीएस, हवामान आणि निरीक्षकांची नावं. हे सगळं आधी, मोजणी नंतर. रकान्यात काही सापडलं नाही तर शून्य लिहा. रिकामा रकाना म्हणजे 'नव्हतं' की 'बघितलंच नाही', हे नंतर कळत नाही. चुकलेला आकडा खोडरबराने पुसू नका, एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहा.

एवढा काटेकोरपणा कशाला, असं वाटत असेल तर कॅलिफोर्नियातले प्राणिशास्त्रज्ञ जोसेफ ग्रिनेल यांचं काम पाहा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कुठे, किती उंचीवर, कुठला प्राणी दिसला किंवा सापळ्यात आला हे शिस्तीने लिहून ठेवलं. जवळपास शतकभराने बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या त्याच जागा पुन्हा तपासल्या. अभ्यासलेल्या २८ लहान सस्तन प्रजातींपैकी निम्म्यांच्या वावराच्या सीमा सरासरी सुमारे ५०० मीटर वर सरकलेल्या आढळल्या. जुन्या वह्या वाचता आल्या म्हणूनच ही तुलना झाली.

## ७. नाव सापडलं नाही तर अडून बसू नका

सगळ्या प्रजाती ओळखता आल्याच पाहिजेत, ही भीती काढून टाका. नाव माहीत नसेल तर 'प्रजाती अ', 'प्रजाती ब' असं लिहा, चित्र काढा, फोटो घ्या आणि सत्रभर तीच खूण वापरा. विविधता मोजायला सातत्य पुरतं. फोटोत पानाची दोन्ही अंगं, फांदीवरची पानांची मांडणी, फूल किंवा फळ आणि पूर्ण झाड असू द्या, शेजारी पट्टी ठेवा. नुसत्या फुलाच्या सुंदर फोटोवरून कित्येकदा काहीच ठरवता येत नाही. आयनॅचरलिस्टसारखं ॲप सुचवेल ते नाव ही सूचना समजा आणि ओळखतक्त्यावरून पडताळा. खात्री नसेल तर वंशापर्यंतच (जीनस, म्हणजे प्रजातीच्या वरची पातळी) लिहून थांबा.

## ८. स्वतःला आणि जागेला जपा

एकट्याने लांब जाऊ नका, परतण्याची वेळ कुणाला तरी सांगून ठेवा. किनाऱ्यावर ओहोटी सुरू असतानाच कामाला लागा आणि पाणी फिरण्याआधी बाहेर या. गवतातून आल्यावर अंगावर गोचिडी आहेत का ते पाहा. उलटलेला दगड होता तसाच परत ठेवा, त्याखाली कुणाचं तरी घर असतं. नमुना तोडायचाच असेल तर परवानगी आणि गरज दोन्ही तपासा, बहुतेक वेळा फोटो पुरतो.

## ९. डेटा त्याच संध्याकाळी भरा

थकवा असतो, तरी त्याच दिवशी भरा, कारण अस्पष्ट अक्षर दुसऱ्या दिवशी स्वतःलाही लागत नाही. प्रत्येक ओळीत एक नोंद, प्रत्येक रकान्यात एकच गोष्ट, एकक रकान्याच्या नावात. '३-५' असं क्वाड्रॅटचं नाव दिलं तर स्प्रेडशीट त्याची परस्पर तारीख करून टाकते, म्हणून 'क्यू३५' असं काहीतरी लिहा. झाडाचा घेर मोजलाय की व्यास, हेही स्पष्ट असू द्या. जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर ९४ सेंटिमीटर घेर म्हणजे साधारण ३० सेंटिमीटर व्यास. हे दोन आकडे एकाच रकान्यात मिसळले तर पुढचा सगळा हिशोब वाया.

विविधतेचा निर्देशांक काढताना तो काय सांगतो ते समजून घ्या. दोन जागांवर प्रत्येकी ४ प्रजाती आणि १०० रोपं आहेत. एकीकडे प्रत्येक प्रजातीची २५, दुसरीकडे ९७, १, १, १. प्रजातींची संख्या सारखीच, पण नैसर्गिक लॉगरिदम वापरला तर शॅनन निर्देशांक (प्रजाती किती आणि त्यांची वाटणी किती समान हे एकत्र सांगणारा आकडा) पहिल्या जागी १.३९ आणि दुसऱ्या जागी ०.१७ येतो. लॉगचा पाया बदलला की आकडा बदलतो, तेव्हा कुठला वापरला ते लिहा आणि दुसऱ्या गटाशी तुलना करण्याआधी त्यांनाही विचारा.

काय-स्क्वेअर चाचणी (मिळालेल्या संख्या अपेक्षित संख्यांपेक्षा वेगळ्या आहेत का ते पाहणारी) मोजलेल्या संख्यांवर करायची, टक्केवारीवर नाही. ही चूक दर वर्षी होते.

## १०. रिपोर्ट

पद्धतीचा भाग आधी लिहा, सगळं ताजं असताना. तो वाचून दुसऱ्या गटाला तेच काम तसंच करता आलं पाहिजे. निकालात फक्त काय आढळलं ते, कारणं चर्चेत. ग्राफवरच्या उभ्या रेघा प्रमाण विचलन दाखवतात की प्रमाण त्रुटी, हे खाली लिहिलं नसेल तर त्या रेघांना अर्थ नाही. 'सिद्ध झालं' हा शब्द टाळा. 'आमच्या नमुन्यात असा फरक आढळला' पुरेसं आहे.

फरक आढळला नाही म्हणून रडकुंडीला येऊ नका आणि डेटा तर अजिबात 'सुधारू' नका. नमुना लहान होता, की परिणाम खरंच नव्हता, याची चर्चा चांगली केली तर तपासणारे खूश होतात. मर्यादांच्या परिच्छेदात 'वेळ कमी होता' हे सगळेच लिहितात. त्याऐवजी कुठल्या मर्यादेमुळे आकडा कुठल्या दिशेला झुकला असेल ते सांगा. उदाहरणार्थ, तुडवलेली रोपं ओळखता न आल्यामुळे वाटेजवळच्या प्रजाती प्रत्यक्षापेक्षा कमी मोजल्या गेल्या असतील.

## ११. परीक्षा

ग्राफ हाताने काढायचा सराव करा, दोन्ही अक्षांना नावं देऊन. उदाहरण लिहिताना जीव, ठिकाण आणि काय बदलून पाहिलं हे तिन्ही द्या. बार्नेकलबद्दल 'स्पर्धा दिसली' एवढं लिहून पुढे जाऊ नका: कुणाला काढलं, कुठून काढलं आणि तुलनेसाठी कुठली जागा तशीच ठेवली, यावर गुण ठरतात.